चोवीस तारखेचं पान

गुरुवार, १९ सप्टेंबर. सुवा, फिजी.

जहाजावर चढलो. चढलो म्हणजे लोटोआलाने काखेत हात घालून वर ओढून घेतलं. जहाजाचं नाव 'कुला', म्हणजे एक लालहिरवा पोपट. जहाज मात्र त्या पोपटाने टाकून दिलेल्या पिंजऱ्यासारखं आहे. एक इंजिन, तीस उतारू, पत्र्यांचे गठ्ठे, रॉकेलचे डबे आणि सात डुकरं. डुकरांची सोय माझ्यापेक्षा बरी आहे.

अठरा वर्षं मी सुव्यात खलाशांना त्रिकोण सोडवायला शिकवतो आहे, सपाट कागदावरचे आणि गोलावरचेही. त्यांच्या परवान्याच्या परीक्षेचा तो पेपर मीच तपासतो. समुद्राशी माझा संबंध मात्र आजवर वर्गाच्या खिडकीपुरता. कप्तान फेसाइतूंनी ते बरोबर हेरलं. "मास्तर, नुकुतासीच्या शाळेचं गणित तपासायला माणूस हवाय. मी तुमचं नाव सुचवलंय. पोहायला शिकवणाऱ्यानं एकदा तरी पाण्यात उतरावं."

"मला पोहता येत नाही."

"मग तर उतराच."

नुकुतासी म्हणजे उत्तरेला पावणेपाचशे मैलांवरचं एकच एक बेट. त्यावरची सगळ्यांत उंच वस्तू म्हणजे नारळाचं झाड. आठ मैलांवरून दिसतं, नवव्या मैलावरून दिसत नाही. सभोवार शेकडो मैल पाणी.

निघताना हिने आलेपाकाच्या वड्या दिल्या आणि सांगितलं, "कठड्याजवळ उभे राहू नका." माझ्या विद्येवर एवढा नेमका अभिप्राय आजवर कुणी दिला नव्हता.

लोटोआला दुय्यम कप्तान आहे, मूळचा नुकुतासीचाच. परवाना मात्र नाही, कारण माझ्या पेपरात तीनदा नापास. अजून माझ्यासमोर हात मागे बांधून उभा राहतो. बुद्धी बरी आहे, पण उत्तरात वाङ्मय घुसडतो.

भीती वाटते आहे. लिहायला हरकत नाही, ही वही कोण वाचणार?

शुक्रवार, २० सप्टेंबर.

तावेउनीचा डोंगर उजव्या हाताला मागे पडला. आता जमीन नाही. पाठशाळेतले गुरुजी म्हणत, भय मनात असतं. गुरुजी बोटीत बसले नव्हते. भय गुडघ्यात असतं.

कप्तान माझी परीक्षा घेताहेत. सकाळी म्हणाले, "मास्तर, घड्याळ वाचा बघू." जहाजी घड्याळ ग्रिनिचची वेळ दाखवतं. वाचलं. मग म्हणाले, "आता पंचांग." (नाविकांच्या त्या जाडजूड पुस्तकाला मी पहिल्या दिवसापासून पंचांगच म्हणतो, आता सगळे खलाशीही म्हणतात.) मी गुरुवारचं पान उघडलं. आमच्याकडे शुक्रवारची सकाळ असते तेव्हा ग्रिनिचला गुरुवारची रात्र चालू असते. फिजीतला माणूस जगाच्या एक दिवस पुढे उठतो, म्हणून सकाळी पंचांग उघडताना एक पान मागे जायचं, हे मी पोरांकडून पहिल्याच धड्यात घोटून घेतो.

"शाबास," कप्तान म्हणाले. साठीच्या माणसाकडून पन्नाशीत शाबासकी मिळाली. चष्मा घरी विसरले म्हणे. चहा ओतताना कपात बोट घालून ठेवतात. कप्तान रोटुमा बेटाचे, तिकडची रीत असेल.

नकाशाही मीच वाचून दाखवला. नुकुतासीचा अक्षांश दक्षिण दहा अंश चाळीस मिनिटं. तिथून तेवीस मैल दक्षिणेकडे, जरा पश्चिमेला, ठिपक्यांचं एक वर्तुळ आहे. बुडता खडक. "भरतीला दिसत नाही," लोटोआला म्हणाला. "ओहोटीलाही उशिराच दिसतो."

हे त्याने मला सांगायची गरज नव्हती.

शनिवार, २१ सप्टेंबर.

पहाटे इंजिन बंद पडलं. आवाज थांबल्यावर जहाजाची प्रत्येक फळी बोलते हे कळलं. चिन्नप्पा मिस्त्री कोपरापर्यंत काळा होऊन वर आला. "दोन दिवस लागतील, मास्तर. नाहीतर तीन."

"नाहीतर?"

"नाहीतर मोजायचं बंद करायचं."

रेडिओची बॅटरी खारं पाणी जाऊन मेली. वारा आणि प्रवाह आम्हाला पश्चिमेकडे ढकलताहेत. किती, ते कुणालाच माहीत नाही. आभाळ घोंगडीसारखं. सूर्य नाही म्हणजे त्रिकोण नाही, त्रिकोण नाही म्हणजे आपण कुठे आहोत ते नाही.

रविवार, २२ सप्टेंबर.

वाहतो आहोत. पाणी माणशी दोन पेले. डुकरांनाही दोनच, ही समता मला बघवत नाही.

साइनी आजी म्हणून नुकुतासीची एक सत्तरीची बाई आहे. चटई विणत बसते आणि माझ्याकडे पाहून हसते. "काय रे मास्तर, सापडला का तुझा सूर्य?"

"ढग आहेत, आजी."

"ढग काय, पूर्वीही होते."

मग तिने सासऱ्याची गोष्ट सांगितली. म्हातारा एकदा पौर्णिमा समजून चतुर्दशीलाच सगळ्या होड्या पाण्यात लोटायला निघाला. मी विचारलं, "कुणी सांगितलं नाही, चुकताय म्हणून?"

ती दचकलीच. "वडीलधाऱ्याला? आमच्याकडे असं बोलत नाहीत. म्हणायचं, 'मला पुन्हा सांगा.' तो पुन्हा सांगतो. सांगताना त्याचं त्यालाच सापडतं."

"आणि नाही सापडलं तर?"

"परत म्हणायचं, मला पुन्हा सांगा."

गोड चाल आहे. आमच्या पाठशाळेत गुरुजी छडीने पुन्हा सांगत.

सोमवार, २३ सप्टेंबर.

आज विषुवदिन. सूर्य विषुववृत्त ओलांडून आमच्या बाजूला आला, ढगांच्या वरून. विषुववृत्तापासून तो जितका उत्तरेला किंवा दक्षिणेला, ती त्याची क्रांती. पंचांगात तासातासाची छापलेली असते. या दिवसांत ती दिवसाला तेवीस मिनिटांनी बदलते. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे समुद्रावरचा एक मैल. वर्गात मी हे फळ्यावर लिहितो आणि खडू झटकतो. इथे लिहिलं आणि पुन्हा वाचलं. आठ मैलांवरून दिसणारं बेट आणि पंचांगाच्या एका पानात तेवीस मैल.

दुपारी पाण्यात पंख दिसला. लोटोआला म्हणाला डॉल्फिन आहे. त्याने फार पटकन सांगितलं.

मंगळवार, २४ सप्टेंबर.

सकाळी सातला इंजिन सुरू झालं. उतारूंनी टाळ्या वाजवल्या, डुकरांनीही आपला हर्ष प्रकट केला. उत्तरेकडे, किंचित पूर्वेला निघालो. मला तासभर बरं वाटलं. एवढाच माझा वाटा.

दहाच्या सुमारास ढगात एक भोक पडलं. मी ओरडलो, "सूर्य!" सूर्याची उंची मोजायचा सेक्स्टंट कप्तानांच्या हाती दिला. त्यांनी झोकात डोळ्याला लावला, पण तोंड भलतीकडे.

"कप्तान, सूर्य तिकडे."

"तिकडे म्हणजे कुठे, मास्तर?"

ढग मिटला. ते सेक्स्टंट तसाच धरून उभे. मग मला एकामागून एक सगळं आठवलं. घड्याळ, नकाशा, कपातलं बोट. मी खाकरल्याशिवाय त्यांनी कधी मला हाक मारली नव्हती, तेही.

"किती दिसतं?"

"उजेड दिसतो. माणूस आहे की पिंप, ते बोलल्यावर कळतं." खाली बसले. "दोन वर्षं झाली. माझ्याकडे परवाना आहे, डोळे नाहीत. लोटोआलाकडे डोळे आहेत, परवाना नाही. परवान्यावाचून जहाज बंदराबाहेर सोडत नाहीत, आणि 'कुला' गेली नाही तर नुकुतासीला दुसरं कुणी जात नाही. म्हणून दोघांचा मिळून एक कप्तान करतो. आजवर सूर्य तो मोजायचा, गणितही तोच करायचा आणि सही माझी. या खेपेला म्हटलं, शिकवणाऱ्यालाच नेऊ. मला धीर."

"त्याला परवाना का मिळत नाही?"

"ते तुम्हाला ठाऊक, मास्तर. तिन्ही वेळेला लाल शाई तुमचीच होती."

एवढ्या पाण्याच्या मधोमध तीस माणसांच्या जहाजाला कप्तान नाही, आणि जो आहे असं सगळे धरून चालताहेत तो मी. जेवण गेलं नाही. आलेपाकाची वडी तोंडात धरली ती तशीच राहिली.

बुधवार, २५ सप्टेंबर. सकाळी.

स्वच्छ आभाळ! आठला लोटोआलाने सूर्य मोजला. त्याचा हात दगडासारखा स्थिर, माझा असता तर उन्नतांश (क्षितिजापासून सूर्याची उंची) दोन मिळाले असते. मी पंचांगाचं चोवीस तारखेचं पान उघडलं (आमची पंचविसाची सकाळ, ग्रिनिचला चोवीस) आणि त्रिकोण मांडला. एक टोक ध्रुव, दुसरं आपल्या डोक्यावरचं खस्वस्तिक, तिसरं सूर्य. बाजू सरळ नाहीत, घुमटावरून खाली ओघळलेल्या. दोन बाजू आणि अंदाजाचा अक्षांश ठाऊक, ध्रुवाजवळचा कोन काढायचा. ज्या, कोटिज्या, कोष्टकं. तीनदा ताळा केला. उत्तर आलं तेव्हा अंगाला घाम होता. आपण एकशेऐंशीव्या रेखांशाच्या पूर्वेला आलो आहोत, नुकतेच.

म्हणजे तिथिरेषा ओलांडली! वर्गात शेकडो वेळा ओलांडली, अंगाखालून आज पहिल्यांदा गेली. पूर्वेकडे ओलांडली की एक दिवस मागे. बेटावर कुणी हा नियम पाळत नाही, त्यांचा बुधवार तो बुधवारच. पण मी गणिती माणूस. माझ्या हिशेबात आज मंगळवार, चोवीस तारीख. वयाचा एक दिवस परत मिळाला, तो कसा घालवतो आहे ते मात्र पाहा.

दुपारी साडेबारा.

मध्यान्हीचा सूर्यही मिळाला. सूर्य ऐन माथ्यावरच्या रेषेत येतो तेव्हा त्रिकोण मिटून एक रेघ उरते, आणि बेरजेने अक्षांश मिळतो. पोरालाही जमेल. घड्याळात बाराला नऊ कमी. आपला दिवस चोवीस, ग्रिनिच नेहमीप्रमाणे एक दिवस मागे, म्हणजे पान तेवीस तारखेचं. क्रांती दक्षिण सोळा मिनिटं. खस्वस्तिकापासून सूर्याचं अंतर दहा अंश चोवीस मिनिटं, त्यात सोळा मिळवली. दहा अंश चाळीस!

नुकुतासीचा अक्षांश अगदी बरोबर. आता फक्त पूर्वेला वळायचं आणि सरळ जात राहायचं. एकोणचाळीस मैल. चारनंतर कधीही नारळ दिसतील.

"पूर्वेला वळा," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदाच मी म्हटलं आणि काहीतरी वळलं.

लोटोआला चाकापाशी होता. त्याने माझा कागद पाहिला. पुष्कळ वेळ पाहिला. "पूर्वेला, मास्तर?"

"चाळीस मिनिटं बरोबर आली आहेत, बाबा."

"हो." त्याने जहाज वळवलं. साइनी आजीकडे एकदा पाहिलं. मग चाक दुसऱ्याच्या हाती देऊन खाली चिन्नप्पाकडे गेला. भुकेला असेल. मीही आज जेवलो. टिनातला मासा मी खात नाही, पण डालोचे, आपल्या अळूसारखे, कंद गोड लागले.

दुपारी, किती ते नंतर लिहीन.

एकला इंजिन थांबलं.

धावत खाली गेलो. पुन्हा तीन दिवस वाहायचं की काय? चिन्नप्पा विडी ओढत बसला होता.

"तापलंय, मास्तर. दीड तास थंड व्हायला हवं."

"दीड तास? बेट चार तासांवर आहे!"

"तापलंय," तो म्हणाला. मी इंजिनाला हात लावून पाहिला. कोमट होतं. यंत्राला बहुधा आतून ताप असतो, मला काय कळतं त्यातलं?

वर आलो तर लोटोआला हात मागे बांधून उभा. "मास्तर, वेळ आहे तर एक विचारू? डिसेंबरात मी परत परीक्षेला बसतोय. आजचा त्रिकोण मला पुन्हा सांगा."

"आत्ता?"

"इंजिन तापलंय ना."

चिडलो. पण भीतीने बसवत नव्हतं आणि शिकवताना माझी भीती पळते, ही जुनी सवय. नकाशाच्या पाठीवर शिकवायला बसलो. तीन उतारू आणि एक डुक्कर ऐकायला आले. सकाळचा त्रिकोण काढून दाखवला. ध्रुव, खस्वस्तिक, सूर्य. मग दुपारचं.

"समजलं?"

"हो. फक्त मला पुन्हा सांगा. सकाळपासून."

पुन्हा सांगितलं. आवाज चढवून. सगळं समजलेला चेहरा करून तो ऐकत होता, आणि शेवटी पुन्हा तेच. "सकाळी आठला पंचांग उघडलं, तिथून सांगा, मास्तर."

"सकाळी आठला," मी म्हटलं, "चोवीस तारखेचं पान उघडलं. कारण ग्रिनिचला चोवीस. घड्याळात आठ, म्हणजे तिथे रात्रीचे. आणि दुपारी, बाराला नऊ कमी असताना, तेवीस तारखेचं…"

तिथे थांबलो.

चार तासांपूर्वी ग्रिनिचला चोवीस तारीख होती. चार तासांनी तिथे तेवीस कशी होईल?

तिथिरेषा आम्ही ओलांडली. ग्रिनिचने नाही. दिवस मागे घ्यायचा तो आमचा. आणि आमचा चोवीस झाला की ग्रिनिचचा आणि आमचा दिवस एकच. मी रेषेसाठी एक दिवस मागे गेलो, आणि फिजीच्या अठरा वर्षांच्या सवयीने आणखी एक. सूर्याला मी उलटा चालवला होता.

पान चोवीस तारखेचं. क्रांती सोळा नाही, एकोणचाळीस. दहा चोवीसात एकोणचाळीस मिळवा. अकरा अंश तीन मिनिटं. आपण बेटाच्या रेषेवर नाही. तेवीस मैल दक्षिणेला आहोत.

तेवीस मैल दक्षिणेला काय आहे ते शुक्रवारी मीच वाचून दाखवलं होतं.

उठून पूर्वेकडे पाहिलं. निळं पाणी, सपाट, गोंडस. इंजिन तापलं नसतं तर सव्वातीनला आम्ही त्या ठिपक्यांच्या वर्तुळात असतो. तीस माणसं, साइनी आजीची चटई, सात डुकरं, आणि पोहता न येणारा मी. कठड्याला धरलं आणि सकाळपासूनचं सगळं समुद्राला दिलं. हिने सांगितलं होतं, कठड्याजवळ उभे राहू नका.

लोटोआला शेजारी येऊन उभा राहिला.

"तेवीस मैल, लोटोआला. माझी चूक."

"हो, मास्तर."

आणि मग ते आठवलं. गेल्या वर्षीचा पेपर, पाचवा प्रश्न. जहाज पूर्वेकडे तिथिरेषा ओलांडतं, ग्रिनिचची तारीख काढा. याने लिहिलं होतं, 'जहाज हललं, ग्रिनिच जागचं हललेलं नाही. तारीख तीच.' मी शून्य दिलं होतं. लाल शाईने शेरा मारला होता, 'काव्य नको, गणित हवं.'

वर्गात मी हा प्रश्न अठरा वर्षं चुकीचा शिकवतो आहे. किती माणसं परवाना घेऊन गेली? कुठल्या कुठल्या पाण्यात आहेत?

तो विचार पुरा करवला नाही. "वळव," म्हटलं.

"किती, मास्तर?"

"तू सांग."

त्याने नकाशाच्या पाठीवर सपाट त्रिकोण काढला. शुद्ध काटकोन, शाळेतला. उत्तरेला तेवीस मैल, पूर्वेला बत्तीस. कोष्टक न मागता म्हणाला, "उत्तरेपासून पूर्वेला चोपन्न अंश. कर्ण एकोणचाळीस, साडेएकोणचाळीस."

मी कोष्टक उघडून ताळा केला. चोपन्न अंश, अठरा मिनिटं.

अडीचला चिन्नप्पाने इंजिन सुरू केलं. "निवलं," म्हणाला. नशिबाची कमाल आहे.

गुरुवार, २६ सप्टेंबर. नुकुतासी.

अंधारात बेटाजवळ जायचं नाही म्हणून रात्रभर इंजिन मंद ठेवलं. मी झोपलो नाही, लाटांत खडकाचा आवाज शोधत होतो. प्रत्येक लाट खडकासारखीच वाजते.

उजाडताना कप्तान म्हणाले, "मास्तर, समोर काय?"

"पाणी."

"अजून?"

"पाणीच." मग समोर कुणीतरी दात वर करून फणी धरावी तसं काहीतरी दिसलं. "नारळ, कप्तान. नारळ!"

त्यांनी टोपी काढली. चेहरा बरोबर तिकडेच वळवलेला होता. वास येतो म्हणाले.

साइनी आजी उतरताना माझा हात धरून म्हणाली, "सापडला की रे तुझा सूर्य."

"एक दिवस उशिरा, आजी."

"काही नाही. आमचा काल बुधवारच होता."

किनाऱ्यावर सगळ्या पोरांनी आधी डुकरांचं स्वागत केलं, मग माझं. शाळेचं गणित उद्या तपासीन. उद्या कसं, काय तोंडाने, ते ठाऊक नाही.

सोमवार, १४ ऑक्टोबर. सुवा.

परतून चार दिवस झाले. लोटोआलाचे तिन्ही पेपर काढले. पहिला खरंच वाईट आहे, हे लिहून ठेवतो, नाहीतर पुढे पश्चात्तापाने मी त्यालाही पास करीन. दुसऱ्यात तीन गुण कमी, ते तसेच. तिसऱ्यात पाचव्या प्रश्नाचे आठ गुण दिले. पास. मुख्य परीक्षकांना कारणासह पत्र लिहिलं आणि अठरा वर्षांत माझ्या हाताखालून परवाना घेऊन गेलेल्या सगळ्यांची नावं मागितली. प्रत्येकाला ही चूक कळवणारं एकेक कार्ड जाईल. एकशे बारा निघाली.

कप्तान आले होते. परवाना लोटोआलाच्या नावावर झाला की ते समुद्र सोडताहेत, डोळ्यांच्या डॉक्टरकडेही जाणार आहेत. चहा मी ओतला.

जहाजाच्या मालकांसाठी दुसरं एक पत्र तयार केलं होतं, ते त्यांना वाचून दाखवलं. 'कुला'चं इंजिन धोकादायक असून ऐन प्रवासात तापतं, सबब ते त्वरित उघडून तपासावं. चिन्नप्पाला हे सांगितलं तेव्हा तो हसतच सुटला होता. हसण्याजोगं काय ते मला कळलं नव्हतं.

कप्तान कपाची कड चाचपत बसले. मग म्हणाले, "मास्तर, ते इंजिनाचं मला पुन्हा सांगा."

मी पुन्हा सांगितलं. बाराला जहाज वळलं. लोटोआला कागद बघून खाली चिन्नप्पाकडे गेला. एकला इंजिन थांबलं. मी खाली गेलो, हात लावून पाहिला, तर कोमट…

कप्तान वाट पाहत होते. आंधळी माणसं फार शांतपणे वाट पाहतात.

पत्र फाडलं.

ते गेल्यावर वर्गाची वेळ झाली. फळ्यावर त्रिकोण काढला. ध्रुव, खस्वस्तिक, सूर्य. मागच्या बाकावरून गिल्बर्ट बेटांवरच्या एका पोराने हात वर केला. "मास्तर, हे मला पुन्हा सांगा."

हातातला खडू खाली पडला. पोरं हसली. उचलला, आणि वर्गाकडे पाठ न करता, पहिल्यापासून सांगायला लागलो. प्रत्येक ओळीला त्याच्या चेहऱ्याकडे बघत.